पाकिटातली कार्डे किती?

दसरा उलटला की आमच्या घरी साफसफाई सुरू होते. साफसफाई हे तिचे नाव. खरे म्हणजे ती झडती असते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माळा झाला, कपाटे झाली, स्वयंपाकघरातले डबे गॅलरीत उन्हाला पडले आणि अखेर सौ.ची स्वारी माझ्या टेबलाच्या खणापाशी येऊन थडकली. त्या खणात माझ्या मते महत्त्वाच्या वस्तू असतात. तिच्या मते त्याला भंगार म्हणतात. हा मतभेद गेली एकोणतीस वर्षे चालत आला आहे.

खणाच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तिने तो टेबलावर उपडा केला आणि आतून जे पडले ते पत्ते मांडावेत तसे एका ओळीत मांडले. क्रेडिट कार्डे! पाच! शिवाय माझ्या पाकिटात दोन. म्हणजे एकूण सात.

"अहो, झब्बू खेळायला बसायचंय की काय?" तिने विचारले.

"अगं, फुकट आहेत ती. पडून आहेत. खायला मागताहेत का?"

"फुकट आहेत तर बँकेनं दिली कशाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण नवऱ्याने उत्तर नाही म्हणून गप्प बसायचे नसते, या जुन्या नियमाला धरून मी म्हणालो, "तुला त्यातलं कळायचं नाही." हे वाक्य मला पुढे चांगलेच महागात पडले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी ही सात कार्डे माझ्याकडे आली कशी ते सांगतो. कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती तशीच आली असतील.

पहिले माझा पगार जमा होतो त्या बँकेचे. ते चौदा वर्षांचे जुने आणि गुणी. दुसरे पेट्रोलपंपावर गळ्यात पडले. तिसरे एका मॉलच्या दारात, टाय बांधलेल्या एका घामाघूम पोराची दया येऊन मी घेतले. त्याने सोबत प्रवासी बॅग दिली, तिची चेन पहिल्याच प्रवासात निघाली. चौथे नवा टीव्ही घेताना. त्या कार्डावर तीन हजारांची सूट होती आणि पहिले वर्ष बिनफीचे होते. पाचवे फोनवरच्या एका गोड आवाजाने दिले. सहावे ऑनलाइन खरेदीच्या दुकानाचे. सातवे कसे आले ते मला आजतागायत आठवलेले नाही.

यांत विशेष काही नाही. कार्डांचा जन्मच असा झालेला आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले ते हॉटेलात जेवणाऱ्यांच्या सोयीसाठी. पण १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या गावी बँक ऑफ अमेरिकेने साठ हजार कार्डे लोकांना टपालाने सरळ घरपोच पाठवून दिली, कुणी मागितलेली नसताना! आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली आपले कार्ड काढले तेव्हा ते मोठ्या माणसांचे लेणे होते. आता ते सोसायटीतल्या प्रत्येक दुसऱ्या पाकिटात आहे. न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातली आहे खरी. पण मागायला लावायला बंदी नाही, आणि ती कला फोनवरच्या त्या गोड आवाजाला अवगत असते.

तर सौ.ने तेव्हा सांगितले होते, "दिवाळी झाली की एकेकाचा निकाल लावा." मी होय म्हटले, डबा पुन्हा खणात ठेवला आणि फराळाला बसलो.

पुढच्या जानेवारीत आमच्या मुलीने घर घ्यायचे ठरवले. ती नोकरीला आहे, पगार बरा आहे. पण एकटीच्या पगारावर चाळीस लाखांचे कर्ज बसेना, म्हणून माझे नाव सोबत घातले. टोकन देऊन झाले. पंधरा दिवसांत बँकेचे मंजुरीपत्र आणून द्यायचे होते. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी कागद चाळले, संगणकात पाहिले, आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "काका, मॅडमचं सगळं उत्तम आहे. तुमच्या नावावर मात्र एक थकबाकी दिसते."

आयुष्यात वाण्याची उधारी दुसऱ्या महिन्यावर जाऊ न देणारा मी माणूस. मुलीच्या देखत हे ऐकून माझे कान तापले. थकबाकी होती त्या टीव्हीच्या कार्डावर. पहिले वर्ष फुकट होते. दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये फी आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, असे पाचशे नव्वद रुपये कार्डावर पडले. बिल आले ते मी कधीच न उघडणाऱ्या ईमेलवर. मोबाइलवर संदेशही आले असणार. पण कर्ज घ्या, प्लॉट घ्या, केस उगवा अशा पन्नास संदेशांत ते कुठे दिसणार? फी भरली नाही म्हणून दंड, दंडावर जीएसटी, सगळ्यावर व्याज, असे करता करता नऊ-दहा महिन्यांत ते पाचशे नव्वद सहा हजारांच्या घरात गेले होते. डबा सौ.ने उपडा केला त्या दिवशीच हे दुखणे लागलेले होते. मी त्याला फुकट म्हणत होतो.

मी पैसे त्याच दिवशी भरले. पण पैसे भरले म्हणून डाग लगेच धुऊन निघत नाही. आपण कोणते कर्ज वेळेवर फेडले, कोणते चुकवले, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत. त्यांतली सिबिल सर्वांच्या तोंडी असते. ती आपल्याला तीनशे ते नऊशेच्या दरम्यान गुण देते. शाळेतल्यासारखेच हे, फरक इतकाच की इथे गेल्या वर्षीचा नापासाचा शेरा पुढची कित्येक वर्षे प्रगतिपुस्तकावर राहतो. माझे गुण घसरलेले. घरकर्जाचा दर पुष्कळ बँका या गुणांवर ठरवतात. आम्हांला साडेआठ टक्के सांगितले होते, ते पावणेनऊ झाले. टोकनची मुदत संपत आली होती. दुसरी बँक शोधायला सवड नव्हती.

पाव टक्का म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. चाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर हप्ता ३४,७१३ रुपयांच्या जागी ३५,३४८ होतो. महिन्याला ६३५ रुपये. तोच दर शेवटपर्यंत राहिला तर वीस वर्षांत दीड लाखाच्या वर! पुढे सव्वा वर्षाने गुण सुधारल्यावर अर्ज करून आम्ही तो पाव टक्का उतरवून घेतला. पण तोवर गेले ते गेलेच. मुलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. येताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "बाबा, अजून किती आहेत अशी?" त्या प्रश्नाने मला रात्री झोप आली नाही.

मग मी लोकांना विचारत सुटलो, कार्डे किती असावीत?

पहिला भेटला माझा पुतण्या. तो पुण्यात आयटी कंपनीत आहे आणि त्याच्याकडे नऊ कार्डे आहेत. नऊ! आणि मला लाजिरवाणी वाटणारी गोष्ट अशी की त्याच्या नऊ कार्डांनी कधी एक रुपयाचा दंड भरलेला नाही. किराण्याला एक, विजेच्या बिलाला दुसरे, विमानाच्या तिकिटाला तिसरे. कोणत्या कार्डाचे बिल कधी निघते, कोणावर किती पॉइंट साठले, याचा त्याने संगणकावर तक्ता केला आहे. गेल्या मे महिन्यात तो बायकोमुलांना घेऊन गोव्याला जाऊन आला, ते विमानाने, आणि तिकिटे सारी पॉइंटांवर. "काका, बँकेच्या पैशानं फिरून आलो," म्हणाला.

मला त्याचे कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण दर रविवारी सकाळचा तासभर तो या तक्त्यापाशी बसतो, हेही मी पाहिले. शिवाय बँका काही झोपलेल्या नाहीत. विमानतळावरच्या विश्रामकक्षात पूर्वी कार्ड दाखवले की शिरता येई. आता कित्येक कार्डांवर ठरावीक खर्च केल्यावाचून आत घेत नाहीत. नियम बदलला की तक्ता बदलायचा. ज्याला बुद्धिबळाची आवड त्याने बुद्धिबळ खेळावे, तसे हे आहे. मी त्याला फक्त एक विचारले, "उद्या तू पंधरा दिवस आजारी पडलास, तर ही नऊ बिलं कोण भरील?" तो हसला. त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती हसली नाही. तिला त्यातली दोनच ठाऊक होती.

दुसरे माझ्या कचेरीतले एक सहकारी. त्यांच्याकडे चारच कार्डे, पण त्यांची अवस्था पाहून काळजात चर्र झाले. मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी एक कार्ड पुरते भरले. बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा किमान रकमेचा. ते किमान भरत राहिले. आता हा हिशेब पाहा. पन्नास हजार देणे आहे. किमान रक्कम पाच टक्क्यांप्रमाणे अडीच हजार. महिन्याचे व्याज साडेतीन टक्क्यांनी १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५. म्हणजे अडीच हजारांतले २,०६५ असेच गेले आणि मूळ देण्यातले फिटले किती? ४३५ रुपये! शिवाय बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर पावशेर मिठाई घेतली तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. पंचेचाळीस-पन्नास दिवसांची जी बिनव्याजी सवलत म्हणतात, ती पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. ग्राहक आयोगाने २००८ साली या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा त्या बाजूने कुणी वाचवायला येईल ही आशा नको.

मग एक कार्ड चुकते करायला त्यांनी दुसऱ्या कार्डावर एटीएममधून रोख काढली. रोखीवर एक दिवसाचीही सवलत नसते, वर काढण्याची फी वेगळी. याची टोपी त्याला आणि त्याची याला, असे करता करता चारही डोकी उघडी पडली. अखेरीस आमच्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीने त्यांना बारा टक्क्यांनी कर्ज दिले आणि ते बाहेर पडले. आता त्यांच्याकडे एकही कार्ड नाही आणि ते सुखी आहेत.

म्हणजे नऊवाला सुखी, शून्यवाला सुखी आणि चारवाला बुडता बुडता वाचलेला! संख्येवरून काही ठरेना. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला पाठ असते. पण इथे अंथरूण बँकेचे असते आणि ती दर सहा महिन्यांनी ते आपणहून वाढवायला निघते, तेव्हा पायांचा अंदाज चुकतो.

हे कोडे सोडवले ते सौ.ने. ती म्हणाली, "दुधाचा, पेपरचा, इस्त्रीचा हिशेब मी एका डायरीत ठेवते. तुमच्या कार्डांची बिलं जेवढी त्या डायरीत न विसरता लिहिली जातील, तेवढी कार्डं ठेवा." आम्ही महिनाभर प्रयोग केला. सातांचा पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. दोन मात्र सहज जमली. तीन ओढूनताणून.

तेव्हा आमच्यासारख्या, महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या आणि कार्डाचा छंद नसलेल्या घराला माझे म्हणणे असे, की माणशी दोन पुरेत. एकावर भागत नाही, याला कारणे आहेत. कार्डाचा नंबर कुणा चोराच्या हाती लागला तर ते तात्काळ बंद करावे लागते आणि नवे येईपर्यंत आठवडा जातो. तेवढ्यात इस्पितळात अनामत भरायची वेळ आली तर? म्हणून दुसरे हवे, आणि तेही वेगळ्या बँकेचे. दोघांच्या बिलाच्या तारखा पंधरा दिवसांच्या अंतराने असल्या तर आणखी बरे. बिल बारा तारखेला निघत असेल तर अकरा तारखेच्या खरेदीचे पैसे जेमतेम वीस दिवसांत भरावे लागतात, तेरा तारखेच्या खरेदीला पन्नास दिवस मिळतात. बिलाची तारीख बँकेकडून बदलून मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पगारानंतरच्या आठवड्यात भरणा येईल अशी ती मागून घ्यावी. दोहोंतले एक रुपे कार्ड असले तर २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येते. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याचा क्यूआर कोडही त्यावर चालतो. मात्र मेव्हण्याला उसने पैसे त्यावरून पाठवता येत नाहीत. माझ्या मते हा त्यातला गुणच.

दुसरे कार्ड घरात ठेवावे. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपवरून बंद करून ठेवता येतात. पण महिन्या-दोन महिन्यांनी त्यावर एखादे विजेचे बिल भरत जावे, कारण वर्षभर न वापरलेले कार्ड बँक कळवून बंद करू शकते. आणि दोन्हींना खात्यातून आपोआप भरणा लावून टाकावा. तो लावताना ॲप विचारते, पूर्ण रक्कम की किमान? इथे घाई करू नये. माझ्या त्या सहकाऱ्यांच्या एका कार्डाला किमानच लागले होते, हे त्यांना दीड वर्षाने कळले.

आता जास्तीची काढून टाकायची, तर त्यालाही रीत आहे. मी रागाच्या भरात सातही कात्रीने कापायला निघालो होतो, तेव्हा मुलीने हात धरला. प्लास्टिक कापून खाते बंद होत नाही. शिवाय चौदा वर्षांचे जुने कार्ड बंद करणे मूर्खपणाचे. पतीच्या प्रगतिपुस्तकात जुन्या, चोख खात्याला मान असतो. आणखी एक खोच अशी: समजा, लाख-लाखाच्या मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि महिन्याचा खर्च चाळीस हजार. मर्यादेच्या वीस टक्के वापर झाला. एक बंद केले की तोच खर्च चाळीस टक्के दिसतो, आणि तीस टक्क्यांवर वापर गेला की माणूस ओढग्रस्तीत आहे असा संशय घेतला जातो. म्हणून घरकर्जाचा अर्ज करायच्या तोंडावर कार्डे बंदही करू नयेत आणि नवी मागूही नयेत. आम्ही कर्ज मिळाल्यावर सहा महिने थांबलो आणि मग एकेक काढले. आधी पॉइंट वापरून टाकले, मग त्यावर लावलेली मासिक वर्गणी दुसरीकडे वळवली, बाकी शून्य केली आणि लेखी अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला की देणे नसेल तर अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. चारांनी निमूटपणे केले. पाचव्याचा फोन आला. तोच गोड आवाज. "सर, बंद कशाला करता? आम्ही लाइफटाइम फ्री करून देतो!" मी विरघळू लागलो होतो. सौ.ने फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडे फुकट परवडत नाही."

राहता राहिली एक गोष्ट, आणि तीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सौ.च्या पर्समध्येही एक कार्ड होते. ते माझ्याच कार्डाचे पुरवणी कार्ड. तिला वाटे ते तिचे आहे, मलाही वाटे. पण त्याच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डवाल्याची असते, आणि मूळ कार्ड बंद झाले की पुरवणी त्याच्याबरोबर जाते. शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ अचानक गेले, तेव्हा दहाव्याच्या सामानाला त्यांच्या पत्नीचे कार्ड चालेना. दुकानदाराने ते दोनदा घासून पाहिले आणि मुकाट्याने परत दिले. त्या बाईंनी तीस वर्षे घर चालवले होते. बँकेच्या लेखी त्यांना पत नव्हती.

तो प्रसंग ऐकल्यावर माझ्या दोनपैकी कोणते कोणाकडे, हा विचार मी सोडून दिला. सौ.ला पगार नाही. पण तिच्या आईकडून आलेली दीड लाखाची मुदत ठेव तिच्या नावावर आहे. अशा ठेवीवर, तिच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादेचे, स्वतःच्या नावाचे कार्ड मिळते आणि ठेवीचे व्याजही चालू राहते. तिला ते मिळाले. पहिल्या महिन्यात तिने त्यावर फक्त गॅसचा सिलिंडर घेतला आणि बिल निघताच, मुदतीच्या सतरा दिवस आधी, भरूनही टाकले. दीड वर्षाने तिने आपला अहवाल मागवला. त्या चार कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. आम्ही तो आता पाडव्याच्या सुमारास काढतो. तिचे गुण माझ्याहून एकोणचाळीस जास्त निघाले. मुलीने ते पान स्वयंपाकघरातल्या फ्रिजला लावले आणि दिवाळीभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले.

तो बिस्किटांचा डबा अजून आहे. सौ. त्यात आता पणत्यांच्या वाती ठेवते.